ट्रॉफी : पाठ दाखवल्याची खूण

ट्रॉफी म्हटले की आपल्याला रणजी करंडक आठवतो, नाहीतर गल्लीतल्या टेनिस बॉल स्पर्धेत मिळालेला कप. भिंतीवर ठोकलेल्या सिंहाच्या मुंडक्यालाही ट्रॉफीच म्हणतात, हे ऐकून कसेतरी होते. पण शब्दाचे कूळ शोधत गेले की करंडकापेक्षा मुंडकेच त्याचे जवळचे नातेवाईक निघते.

प्राचीन ग्रीकमध्ये ‘त्रोपे’ म्हणजे वळणे. लढाईत शत्रूने जिथे पाठ दाखवली, त्याच जागी जिंकणारे झाडाचा बुंधा किंवा खांब उभा करीत आणि त्यावर शत्रूचे शिरस्त्राण, चिलखत, ढाल चढवीत. आपल्या शेतात बुजगावणे उभे करतात, अगदी तसे. हे ‘त्रोपाइऑन’. ते देवाला वाहिलेले असे, म्हणून हरलेलेही त्याला हात लावत नसत. मात्र त्याची डागडुजीही करायची नसे. इतिहासकार डायोडोरसने पूर्वजांचा दंडक नोंदवला आहे : ही खूण दगडाची नको, हाताला लागेल त्या लाकडाची करावी, म्हणजे वैराची आठवण लवकर कुजून जाईल. या सगळ्या कुळकथेत मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. विजय मिरवा, पण चार पावसाळे, त्यापुढे नाही. पुढे हा दंडक ग्रीकांनीच मोडला आणि रोमनांनी तर दगडी विजयस्मारकेच बांधली. लॅटिन आणि फ्रेंचमधून फिरत शब्द इंग्रजीत आला.

शिकारीतही विजयाची अशीच खूण जपली जाऊ लागली. पण मारलेल्या जनावराची खूण टिकवणे सोपे नव्हते. कातड्याला कसर लागे. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या मेत्झ गावच्या बेकूर नावाच्या औषधविक्रेत्याने सोमल घातलेला साबण तयार केला. तो कातड्याला आतून चोळला की कीड फिरकत नसे. मग लंडनच्या रोलंड वॉर्डने १८९२ मध्ये जगभरच्या शिकारींच्या शिंगांची मापे पुस्तकात छापली आणि शिकार इंचांत मोजली जाऊ लागली. माझ्या मते खरा घात तिथे झाला. मापाची चढाओढ लागली की सर्वांत मोठे, सर्वांत देखणे जनावरच आधी मरते.

आपल्याकडच्या संस्थानिकांनाही हा नाद होता. लहानपणी कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये काचेआडचा वाघ पाहिला, तेव्हा मी त्याच्या डोळ्यांसमोरून हललोच नाही. डोळे काचेचे होते. आपण ‘पेंढा भरलेला वाघ’ म्हणतो, पण या कामात नाव कमावलेले म्हैसूरचे व्हॅन इंगेन आत कागदाच्या लगद्याचा साचा घालत. वाघ डरकाळी फोडतोय असा जबडा उघडा ठेवायची फर्माईश असे. खरा वाघ गोळी लागताना कदाचित पाणी पीत असेल.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे हा शौक संपला. आफ्रिकेत तो परवाना आणि डॉलर यांच्या आधाराने चालू राहिला. जुलै २०१५ मध्ये झिम्बाब्वेच्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानातला तेरा वर्षांचा, काळ्या आयाळीचा सिंह सेसिल मारला गेला. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्याच्या गळ्यात माग ठेवणारा पट्टा बांधला होता. उद्यानाच्या हद्दीबाहेर, मेलेल्या हत्तीपाशी तो आला असता अमेरिकेतल्या एका दंतवैद्याने त्याच्यावर बाण सोडला. या शिकारीसाठी त्याने सुमारे ५०,००० डॉलर मोजले होते. सेसिल तत्काळ मेला नाही. कित्येक तास तो जखमी अवस्थेत होता. त्याने कुणाला पाठ दाखवली नव्हती आणि तिथे कुणी कुणाचा शत्रूही नव्हता.

मग जग खवळले. त्या दंतवैद्याच्या मिनेसोटातल्या दवाखान्याच्या बंद दारापुढे लोकांनी कापसाच्या सिंहांचा ढीग घातला. डेल्टासारख्या विमान कंपन्यांनी सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस यांच्या ट्रॉफी न्यायचे नाकारले. ही पाच नावे म्हणजेच ‘बिग फाइव्ह’. पायी शिकार करायला सर्वांत धोक्याची म्हणून शिकाऱ्यांनीच त्यांना हे नाव दिले होते.

त्या संतापाला आफ्रिकेतून उत्तरही आले. २०२४ मध्ये जर्मनीने ट्रॉफींच्या आयातीवर जादा निर्बंध आणायचे मनात घेतले, तेव्हा बोट्स्वानाचे अध्यक्ष मासिसी म्हणाले, २०,००० हत्ती तुम्हालाच पाठवतो. ज्याच्या शेतात रात्री हत्ती शिरतो त्याचा राग खोटा नाही आणि बर्लिनमध्ये बसून तो कळायचा नाही. शिकारीच्या पैशातून गावाला काही मिळत असेल तर त्याचा हिशेब जरूर मांडावा. पण पिके वाचवायला मुंडके भिंतीवर टांगावे लागत नाही.

सेसिलनंतर दोन वर्षांनी, जुलै २०१७ मध्ये, त्याचा सहा वर्षांचा मुलगा झांडा त्याच ह्वांगेच्या हद्दीबाहेर मारला गेला. शिकार कायदेशीर होती. त्याच्याही गळ्यात ऑक्सफर्डचा पट्टा होता. तो काढून संशोधकांना परत करण्यात आला.