'कीप काम अँड कॅरी ऑन' : जे पोस्टर गाजलंच नव्हतं

आज सुरुवात माफीनं. मागच्या भागात मी बिनधास्त ठोकून दिलं होतं की, 'कीप काम अँड कॅरी ऑन' हे पोस्टर दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या भिंतीभिंतींवर होतं आणि बॉम्ब पडत असताना त्यानं लोकांना धीर दिला. (हे 'काम' म्हणजे ऑफिसचं काम नाही हां. शांत राहा, चालू ठेवा, असा अर्थ.) एका श्रोत्यानं मेसेज केला, "दादा, भिंतीवरचा त्या काळातला फोटो दाखव ना." शोधायला बसलो आणि तोंडावर पडलो.

झालं होतं असं. १९३९ मध्ये ब्रिटनच्या माहिती मंत्रालयानं तीन पोस्टर्स तयार केली. दोन लागली. त्यातल्या एकाचा सूर असा होता की तुमच्या धैर्यामुळे 'आपण' जिंकू. लोक चिडले. त्यांना वाटलं, धैर्य आम्ही दाखवायचं आणि जिंकायचं साहेबांनी! तिसरं, म्हणजे आपलं 'कीप काम', मोठ्या संकटासाठी राखून ठेवलं. प्रती छापल्या सुमारे २५ लाख, पण लोकांसमोर ते जवळजवळ आलंच नाही. १९४० मध्ये कागदाची टंचाई झाली आणि बहुतेक प्रती लगद्यात गेल्या.

पुढची साठ वर्षं शांतता. २००० मध्ये इंग्लंडमधल्या अ‍ॅनिक गावच्या 'बार्टर बुक्स' या जुन्या पुस्तकांच्या दुकानात, लिलावातून आणलेल्या खोक्याच्या तळाशी एक प्रत सापडली. मालकांनी ती फ्रेम करून गल्ल्याजवळ लावली. गिऱ्हाइकं विचारायला लागली, म्हणून त्यांनी प्रती छापून विकल्या.

आणि मग आलं विडंबन. मुकुट उलटा करून 'नाऊ पॅनिक अँड फ्रीक आउट', म्हणजे आता घाबरा आणि वेडे व्हा! प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर हे पोस्टर म्हणजे एक फंक्शन. मुकुट, रंग, अक्षरं फिक्स. शेवटचे शब्द तुम्ही भरा. कॉपीराइटची मुदतही संपलेली, त्यामुळे त्याची अडचण नव्हती. कॉलेजात माझ्याकडेच 'कीप काम अँड राइट कोड'चा टी-शर्ट होता. मूळ पोस्टर मी त्यानंतर दोन वर्षांनी पाहिलं.

माझी चूक तिथेच झाली. आपण गाजलेल्या गोष्टीचंच विडंबन करतो, असं आपल्या डोक्यात पक्कं असतं. म्हणून इतकी विडंबनं पाहिली की मूळ गोष्ट गाजलेलीच असणार, असं आपण धरून चालतो. इथे उलटं झालं. विडंबनानं पोस्टर जगभर नेलं आणि जाता जाता त्याला एक खोटा भूतकाळही चिकटवला. तो मी तुमच्यापर्यंत फॉरवर्ड केला.

मागच्या भागाच्या वर्णनात दुरुस्ती टाकली आहे. फोटो मागणाऱ्या त्या श्रोत्याचे आभार. असेच पुरावे मागत राहा. भेटू पुढच्या भागात!