घटपर्णीच्या ‘राजा’ला लंडन का मानवले नाही?

थ्रेड 🧵

१८५८ साली बोर्निओ बेटावरील किनाबालू पर्वतावर चढणाऱ्या ह्यू लो आणि स्पेन्सर सेंट जॉन या दोघा इंग्रजांना एक अजस्र घटपर्णी आढळली. तिच्या एका घटात चक्क उंदीर बुडून मेला होता. पुढल्याच वर्षी जोसेफ हूकर याने तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि सारावाकचा गोरा राजा जेम्स ब्रुक याच्या सन्मानार्थ तिला नाव दिले ‘नेपेंथिस राजा’.

वाळवलेला नमुना कागदांत दाबून कोठेही नेता येतो. जिवंत रोपाचे तसे नाही. जहाजाच्या डेकवर खारा वारा, ऊन आणि गोड्या पाण्याची टंचाई यांनी बहुतेक रोपे वाटेतच मरत.

यावर तोड काढली लंडनच्या एका डॉक्टरने. १८२९ साली नॅथॅनिएल वॉर्ड याने पतंगाचा कोष पाहण्यासाठी बंद बरणीत ओलसर माती ठेवली होती. कोष बाजूलाच राहिला, मातीतून नेच्याचे आणि गवताचे अंकुर फुटले! बरणीतली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीतच झिरपत होती. १८३३ मध्ये त्याने अशाच काचपेट्यांतून रोपे सिडनीला धाडली आणि ती जिवंत पोहोचली. चहा, रबर, सिंकोना यांची स्थलांतरे पुढे याच पेट्यांतून झाली, एवढे सांगितले तरी तिचे महत्त्व कळेल.

पण खरी कसोटी पेटी उघडल्यावर सुरू होई.

घटपर्णीची मुळे बारीक, काळपट आणि अतिशय ठिसूळ असतात. कुंडी बदलताना ती तुटली की रोप बसलेच. शिवाय ती निकस जमिनीत वाढते. कीटक पकडण्याचा सारा खटाटोप त्यासाठीच. म्हणून सकस माती आणि शेणखत, म्हणजे माळ्याचा नेहमीचा लाड, तिला घातक ठरतो. क्षारयुक्त जड पाणीही तसेच. व्हिक्टोरियन माळ्यांनी अनुभवातून वेगळी रीत बसवली: तंतुमय पीट आणि स्फॅग्नम शेवाळ यांचे भुसभुशीत मिश्रण, सागाच्या पट्ट्यांची टांगती टोपली आणि पावसाचे पाणी. नवे रोप आधी बंद काचेखाली दमट हवेत ठेवायचे आणि मग हळूहळू बाहेरची हवा दाखवायची. जुने घट सुकले तरी घाबरायचे नाही. नव्या पानाच्या टोकाला घट धरला, की रोपाला हवापाणी मानवले असे समजायचे.

ही रीत मलायाच्या सखल, उष्ण प्रदेशातील जातींना उत्तम लागू पडली. त्यांचे घर असे ते उष्णगृह, ज्याला इंग्रज माळी सरळ ‘स्टोव्ह’ म्हणत. रात्रंदिवस ऊब आणि वाफ.

चेल्सी येथील व्हीच यांच्या प्रसिद्ध रोपवाटिकेने फ्रेडरिक बरबिज याला बोर्निओला पाठवले. १८७८ मध्ये त्याने ‘राजा’ मिळवली. १८८२ मध्ये तिची छोटी रोपे लंडनच्या प्रदर्शनात झळकली. १८८९ च्या सूचिपत्रात एका रोपाची किंमत होती २ पौंड २ शिलिंग. श्रीमंतांनी ती हौसेने घेतली.

आणि ती एकामागून एक मेली.

आजच्या ज्ञानाने पाहता कारण स्पष्ट आहे. ‘राजा’ समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० ते २६५० मीटर उंचीवर वाढते. तेथे दिवस सौम्य आणि रात्री गार असतात. विषुववृत्ताजवळचे म्हणजे उष्णच, हे समीकरण नकाशा पाहून बांधलेले होते, पर्वत पाहून नव्हे. कुंडी, शेवाळ, पाणी सारे बरोबर असले, तरी रात्रीचा तो गारवा स्टोव्हमध्ये कोठून येणार? दोष सगळा माळ्यांच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. बर्फाळ इंग्लंडमध्ये महागडा कोळसा जाळून ऊब राखणाऱ्याला, आपण रोपाला उकाड्याने मारतो आहोत हे सुचणे सोपे नव्हते.

विसाव्या शतकाच्या आरंभी घटपर्णीची हौसच ओसरली. लागवडीतील ‘राजा’ अखेरीस डब्लिनजवळच्या ग्लासनेव्हिन उद्यानात तेवढी उरली होती. योगायोग असा, की ती किनाबालूवरून आणणारा बरबिज १८७९ पासून डब्लिनमध्येच, ट्रिनिटी कॉलेजच्या उद्यानाचा प्रमुख होता. ग्लासनेव्हिनचे ते रोपही पुढे टिकले नाही.