घसरणीचा संक्षिप्त इतिहास

साम्राज्यं कशी घसरली ते इतिहासकार सांगतात. माणसं कुठं घसरली याची बखर मात्र कुणी लिहीत नाही. आमच्या उमेळ्याजवळचा वसईचा किल्ला चिमाजीअप्पांनी १७३९च्या मे महिन्यात घेतला. भर पावसात तिथल्या शेवाळलेल्या पायऱ्या चढून पाहा, म्हणजे मृगाच्या आत काम उरकण्यातलं शहाणपण कळेल!

घरातली घसरण बेतानं झाली. आधी शेणानं सारवलेली जमीन. सांडलेलं पाणी ती निमूट पिऊन टाकायची. मग शहाबादी आली. मोरीत ती बिनपॉलिशची, नाहीतर सरळ टाकी लावलेला दगड. खळग्यांत पाणी उतरायचं, पाय दगडावर टेकायचा. शास्त्र तेवढंच आहे: तळवा आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा राहिला की माणूस आडवा. त्यात साबण म्हणजे आगीत तेल.

१९२२ साली मुंबईत भारत फ्लोअरिंग टाइल्स कंपनी निघाली आणि स्वदेशी नक्षीदार लादी मिळू लागली. पुढं तोंड दिसेल अशा गुळगुळीत टाइल्स न्हाणीघरात शिरल्या. तोंड दिसलं, पाय सुटला.

आता दुकानदार ‘मॅट फिनिश’ दाखवतो. म्हणजे आजीच्या मोरीतला खडबडीतपणाच, पण डब्यात बांधून. घ्यावा मुकाट्यानं, शेजारी भिंतीला धरायला दांडीही ठोकावी. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं की माणूस पुन्हा चालेलच असं नाही. चकाकी काय, दिवाणखान्यातही पाहता येते!