अकीक, सुलेमानी आणि गोमेद

जडजवाहिराच्या जुन्या याद्या चाळणाऱ्यांस अकीक, सुलेमानी व गोमेद हीं नांवें परिचयाचीं आहेत. इंग्रजी ‘अ‍ॅगेट’ या शब्दास आधुनिक कोशांत पुष्कळदां ‘गोमेद’ हा प्रतिशब्द दिलेला असतो. त्यावर विसंबून कोणी यादींतील गोमेद हा अकीक समजला, तर रत्नाच्या जागीं साधा मणी मांडला जातो. म्हणून या नांवांचा निवाडा करणें आम्हांस अवश्य वाटतें.

गोमेद हें नवरत्नांपैकीं एक, राहूचें रत्न. गाईच्या मेदासारखा त्याचा रंग, हें नांवांतच सांगितलें आहे. हल्लींचे रत्नपारखी त्यास गार्नेट वर्गांतील हेसोनाइट म्हणतात. तो पारदर्शक व मधाच्या रंगाचा असतो. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत रत्नांची गणना करितांना गोमेदक व रुधिराख्य हीं दोन वेगळीं सांगितलीं आहेत. रुधिराख्य म्हणजे तांबडा अकीक असें कांहीं विद्वानांचें मत आहे. तें आम्हांस ग्राह्य वाटतें.

अकीक हा शब्द मूळ अरबी. हा दगड गारेच्याच जातीचा, म्हणजे सिलिकेचा. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनवर लाव्हारस पसरला. तो थिजतांना वायूच्या बुडबुड्यांनीं त्यांत पोकळ्या राहिल्या. सिलिका विरघळलेलें पाणी त्यांत झिरपून भिंतींवर थरावर थर बसले, तेच अकीकाचे पट्टे. मध्यें जागा उरली तर तेथें स्फटिकाचे खडे दिसतात. ज्याचे काळे-पांढरे पट्टे ठळक असतात त्यास आपल्याकडे सुलेमानी म्हणतात.

याचा व्यापार आपल्या प्रांतास नवा नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत पैठणाहून भडोचास ओनिक्स दगड पुष्कळ जात, व ते बिकट वाटेनें गाड्यांतून नेत, असें आहे. ओनिक्स म्हणजे आपला सुलेमानी. त्याच ठिकाणीं उल्लेखिलेलें तगर नगर म्हणजे तेर, हें फ्लीट यांनीं १९०१ मध्यें दाखविलें. पुढें या धंद्याचें मोठें ठाणें खंबायत झालें. राजपिपळ्याच्या डोंगरांतील रतनपूरचे दगड तेथील कारागीर प्रथम उन्हांत वाळवीत व मग मडक्यांत घालून शेणीच्या आंचेवर भाजीत. त्यांतील लोहाच्या अंशामुळें पिवळट दगड तांबडा होतो. तेव्हां मण्याचा लाल रंग प्रत्येक वेळीं निसर्गाचाच असतो असें नाहीं.

पोथीसंग्राहकांचा या दगडाशीं आणखी एक संबंध आहे, आणि आम्हांस तोच अधिक जिव्हाळ्याचा. हातकागदास खळ देऊन वाळविल्यावर तो गुळगुळीत दगडानें घोटीत. त्यानें कागदास ओप येई, लेखणी अडत नसे व शाई फुटत नसे. सोनेरी अक्षरेंहि अशीच घोटून चमकवीत. या कामीं अकीक उत्तम, कारण त्याचें काठिण्य ६.५ ते ७ असून त्यावर साध्या चाकूचा ओरखडा उमटत नाहीं.

मण्याविषयीं शंका आल्यास तो पाण्यांत तोलावा. अकीक पाण्याच्या सुमारें २.६ पट जड, तर गोमेद ३.६ पट. यादी छापतांना मात्र मूळ शब्दच ठेवावा व आपला अर्थ खालीं टीपेंत द्यावा. जुन्या दप्तरांत एका अंगानें झिजलेला, हाताएवढा गुळगुळीत दगड सांपडला तर तो टाकूं नये. तो कागद घोटण्याचा असण्याचा संभव आहे.