तळटीप : ‘फलकमोजणी’

* फलकमोजणी : तिपाईवर समपातळीत बसविलेल्या लाकडी फलकावर कागद ताणून जागच्या जागी नकाशा रेखाटण्याची ही पद्धती होय. वसई किल्ल्याच्या बुरुजावरून तुंगारेश्वराच्या शिखराकडे एक दृष्टिरेषा कागदावर ओढावी आणि मग, मधले अंतर आधी मोजलेले असल्यास, वसईतल्याच एव्हरशाईन सिटीतील एखाद्या उंच गच्चीवर फलक नेऊन, मागील स्थानाशी दिशा जुळवून, त्याच शिखराकडे दुसरी रेषा ओढावी, म्हणजे त्या जेथे छेदतात तेच शिखराचे स्थान ठरते. शिखरावर पाऊल ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही. याच गुणामुळे, जेथे जमिनीवर साखळी पसरणे अशक्य, अशा काराकोरमच्या हिममुलखात ही पद्धती अव्वल ठरली. १८५६ मध्ये सर्वेक्षक मॉन्टगोमेरी यांनी काश्मिरातील हरमुख पर्वतावरून दोनशे किलोमीटरांहून दूरचे शिखर टिपून त्याची नोंद ‘के-२’ अशी केली. १८६१ मध्ये गॉडविन-ऑस्टिन यांनी फलक घेऊन बाल्टोरो हिमनदीची मोजणी केली. आणि १९२६ मध्ये केनेथ मेसन यांनी शक्सगाम खोऱ्यात छायाचित्रांवरून मोजणी करण्याचे साधन नेले. हिमनद्या सरकतात, आटतात, आपले मुख बदलतात. म्हणून आजच्या भूमीशी जुळत नाही एवढ्याच कारणास्तव जुना नकाशा वाचकांनी सदोष मानू नये. हिमाची सीमा त्या काळी कोठवर होती, याचा तो विश्वसनीय दस्तऐवज आहे. — संपादक