सर्पगंधेने फुटलेला पान्हा

सर्पगंधेची गोष्ट आपल्याकडे बहुधा रक्तदाबापाशीच थांबते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये या मुळीचे रुग्णांवरचे अनुभव मांडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसरपिन हे अल्कलॉइड वेगळं काढलं. माझ्या मते तिची त्याहून मोठी कामगिरी पुढची आहे, आणि ती घडली प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यांत.

रेसरपिन रक्तदाबावर आणि मनोविकारांवर सर्रास दिलं जाऊ लागलं, तसं काही स्त्रियांना बाळंतपण नसतानाही दूध येऊ लागलं, पाळी चुकू लागली. १९५७ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात जोसेफ माइट्स यांनी इस्ट्रोजेन देऊन तयार केलेल्या सशाच्या माद्यांना रेसरपिन टोचलं. त्यांना पान्हा फुटला. कॅलिफोर्नियात चार्ल्स सॉयर यांनाही त्याच वर्षी तेच दिसलं. रेसरपिन दिलेल्या उंदरांच्या माद्यांत बीजांड सुटणं थांबतं, गर्भ नसताना शरीर गाभण असल्यासारखं वागू लागतं, हेही सॉयर यांच्या गटाने दाखवलं.

दूध तयार करवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक पिट्युटरी ग्रंथीतून येतं. ड्यूक विद्यापीठातल्या जॉन एव्हरेट यांनी १९५४ मध्ये उंदराची ही ग्रंथी मेंदूखालून काढून मूत्रपिंडाच्या आवरणाखाली रुजवली होती. मेंदूपासून तुटल्यावर तिची इतर बहुतेक संप्रेरकं आटली, प्रोलॅक्टिन मात्र स्रवतच राहिलं. म्हणजे इतरांना मेंदू चेतवतो, प्रोलॅक्टिनला आवरून धरतो. एव्हरेट यांनी शस्त्राने तोडलेला तो लगाम सर्पगंधेच्या अल्कलॉइडने एका सुईत सैल केला! या मुळीचं मला अप्रूप वाटतं ते यासाठी.

लगाम कशाचा, याचा धागा स्वीडनमध्ये सापडला. रेसरपिनने निपचित पडलेले ससे आर्विद कार्लसन यांनी, ज्यापासून मेंदू डोपामिन बनवतो ते एल-डोपा देऊन पुन्हा हालते केले. रेसरपिनमुळे चेतापेशींना डोपामिन साठवता येत नाही. साठा रिता होतो. हेच डोपामिन मेंदूच्या तळातून बारीक रक्तवाहिन्यांवाटे पिट्युटरीत उतरतं आणि प्रोलॅक्टिनला रोखतं, हे पुढच्या काळात पक्कं झालं.

मग उलटी वाटही दिसली. राईच्या कणसावर वाढणाऱ्या अरगट बुरशीच्या अल्कलॉइडपासून सँडोझ कंपनीने ब्रोमोक्रिप्टिन बनवलं. ते पिट्युटरीवर डोपामिनसारखंच काम करतं. त्याने प्रोलॅक्टिन उतरतं, ते स्रवणारी पिट्युटरीतली गाठ पुष्कळदा शस्त्रक्रियेविना आकसते, आणि वाढलेल्या प्रोलॅक्टिनमुळे पाळी थांबलेल्या अनेक स्त्रियांना त्यानंतर दिवस राहतात.