किल्लारी भूकंप : पुनर्वसनातील देणगीदार आणि लोकसहभाग

दि. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. दगड-मातीच्या जाड भिंती व माळवदांचा भारच अनेकांच्या मृत्यूस कारण ठरला. समाजातून मदतीचा ओघ सुरू झाला. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी स्वीकारली.

सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्यांपैकी अनेक ठिकाणी सेवाभावी संस्था व उद्योगसमूहांनी घरे बांधून दिली. ही मदत मोलाची होती. परंतु सरळ रस्त्यांच्या आखणीत गोठा, अंगण व भावकीचा शेजार यांचा विचार पुरेसा झाला नाही. याउलट, जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या घरदुरुस्ती व मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात बांधकामाची सूत्रे कुटुंबांकडेच होती. गावोगावच्या ‘संवाद सहायक’ महिलांनी शासन व ग्रामस्थ यांच्यातील दुवा म्हणून काम केले.

निवारा दानातून मिळू शकतो. गाव मात्र रहिवाशांच्या सहभागाशिवाय पुन्हा उभे राहत नाही, हाच या अनुभवाचा निष्कर्ष होय.